पाठ टेकण्यापुरती जागा

"कुठे उतरलीस?"

मोठ्या अधिवेशनाच्या पहिल्या सकाळी, गळ्यात ओळखपत्र अडकवून रांगेत उभं असताना हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. प्रवास कसा झाला, हे विचारावं तसंच ते असतं. मला तो पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी स्टेशनचं नाव सांगितलं. समोरच्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, ते तर शहराच्या पार बाहेर!" त्यांच्या आवाजात काळजीच होती. तरी ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर फिरत राहिलं.

तेव्हा मी पेशीशास्त्रात पीएचडी करत होते. दुसरं वर्ष. माझं पोस्टर, म्हणजे फलकावर लावून त्यापाशी उभं राहून समजावायचं संशोधन, स्वीकारल्याचं पत्र आलं त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नोंदणीत विद्यार्थ्यांना सवलत होती, प्रवासासाठी थोडं अनुदान मिळालं होतं. राहण्याचं तेवढं "बघू नंतर" म्हणून मी मागे ठेवलं. खोली शोधायला बसले तेव्हा अधिवेशनाला पाच आठवडे उरले होते. सभागृहाच्या आसपास एकही खोली नव्हती. ज्या एक-दोन दिसत होत्या, त्यांच्या एका रात्रीच्या भाड्यात माझा महिना निघाला असता. शेवटी रेल्वेच्या एका फाट्यावर, शेवटून दुसऱ्या स्टेशनाजवळ खोली मिळाली. गाडीने एक तास वीस मिनिटं.

पोस्टरची वेळ संध्याकाळी सहा ते आठ होती आणि माझी शेवटची गाडी साडेआठला. ज्यांनी अशी अधिवेशनं पाहिली आहेत त्यांना ठाऊक असतं, की वेळापत्रकातली वेळ वेगळी आणि खरी बोलणी सुरू होण्याची वेळ वेगळी. आठच्या सुमाराला गर्दी पांगते, आणि ज्याला मनापासून काही विचारायचं असतं तो तेव्हा सावकाश फलकापाशी येतो. मी आठला पाच कमी असताना निघाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फलकावरचा मुलगा म्हणाला, "काल तुझ्याकडे कोण आलं होतं माहितेय?" ज्यांचे शोधनिबंध मी दोन वर्षं उशाशी ठेवून झोपत होते, ते गृहस्थ सव्वाआठला आले होते. माझं पोस्टर त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, "ही मुलगी कुठे आहे?" असं विचारलं, थोडा वेळ थांबले आणि गेले.

त्या वेळी मी फलाटावर उभी होते. त्यांची-माझी भेट पुढे कधीच झाली नाही.

तेव्हापासून हॉटेलची खोली हा विषय मला नुसत्या सोयीचा वाटत नाही. अधिवेशनाचं खरं प्रवेशशुल्क खोलीच्या भाड्यात दडलेलं असतं. नोंदणीचे पैसे भरून माणूस आत येतो, पण रात्री साडेआठपर्यंत तिथे कोण थांबू शकतं, हे त्याची पाठ टेकायची जागा किती लांब आहे यावर ठरतं. आणि ज्याच्याकडे पैसे कमी, तो जवळजवळ नेहमी नवखा असतो. म्हणजे ज्याला थांबण्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच सगळ्यांत आधी निघावं लागतं.

हॉटेलांचा धंदा समजायला मला बराच काळ लागला. समजल्यावर राग थोडा निवळला. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. कापडाचा ताका उद्याही विकला जातो, रात्र मात्र उजाडली की संपली. शिवाय हजारो माणसं एकदम आली म्हणून इमारतीला आठवड्याभरापुरते मजले चढवता येत नाहीत. विमानातल्या जागांचंही असंच असतं, आणि हॉटेलांनी आपलं गणित विमानांकडूनच घेतलं. 1972 साली बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीतल्या केनेथ लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला. स्वस्तात जागा मागणारा दारात उभा आहे. त्याला ती आत्ता द्यायची, की नंतर पूर्ण पैसे मोजणारा कुणी येईल म्हणून राखून ठेवायची? तो दुसरा येण्याची शक्यता किती आणि त्याच्याकडून मिळणार किती, यांचा गुणाकार करा, तो स्वस्त भाड्याशी ताडून बघा आणि ठरवा. 1978 मध्ये अमेरिकेत देशांतर्गत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने हाच विचार मोठ्या प्रमाणावर वापरात आणला आणि पुढे मॅरियटसारख्या हॉटेलसाखळ्यांनी तो उचलला. एरवीच्या आठवड्यात पूर्ण भाडं देणारा येईल की नाही, ही शंका असते, म्हणून स्वस्त दर उघडे राहतात. अधिवेशनाच्या आठवड्यात ती शंकाच उरत नाही. मग सवलतीचे दर एकेक करून बंद होतात.

या गणितातली एक बारीक गोष्ट कळली त्या दिवशी माझं शोधणंच बदललं. समजा अधिवेशन सोमवार ते गुरुवार आहे. सगळ्यांत जास्त मागणी मंगळवार-बुधवारच्या रात्रींना असते. हॉटेलला भीती वाटते, की नुसता मंगळवार कुणाला दिला तर त्याच खोलीचे सोमवार आणि बुधवार अडून बसतील. म्हणून ते त्या रात्रींवर "किमान तीन रात्री" अशी अट घालतात. याच्या उलटही घडतं. चारपैकी एकच रात्र भरलेली असते, पण आपण चारही रात्रींसाठी एकदम शोधलं, तर उत्तर येतं, खोली नाही. मी कित्येक वर्षं ते उत्तर खरं मानून पुढच्या हॉटेलकडे वळत होते. एकदा हट्टाने एकेक रात्र वेगळी शोधली, तेव्हा सभागृहापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका साध्या हॉटेलात रविवार, सोमवार आणि गुरुवार मोकळे सापडले. मंगळवार-बुधवारसाठी दुसरीकडे गेले. मधे एकदा सामान हलवावं लागलं, ते पहिल्या हॉटेलनेच दोन दिवस सांभाळलं. पाचपैकी तीन रात्री मी चालत घरी, म्हणजे खोलीवर गेले. तीन संध्याकाळी मला घड्याळ बघावं लागलं नाही.

तेव्हा मी आणखीही एक केलं, ते म्हणजे फोन. संकेतस्थळावर खोली नाही म्हणजे हॉटेलात खोली नाही असं नसतं. कुणी सकाळीच रद्द केलेलं असतं, एखादी खोली दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली असते आणि दुपारी मोकळी होते. साखळीतल्या हॉटेलचा मध्यवर्ती क्रमांक टाळून थेट त्या इमारतीच्या काउंटरवर फोन लावायचा, आणि दुपारच्या उतरत्या वेळी लावायचा, कारण सकाळी खोल्या सोडणाऱ्यांची रांग असते आणि संध्याकाळी येणाऱ्यांची. फोन उचलणारं माणूसच असतं. त्याला "खोली आहे का?" एवढंच विचारलं तर "नाही" एवढंच उत्तर मिळतं. "मंगळवारची एकच रात्र हवी आहे, दोन खाटांची, एका खाटेची, कुठलीही चालेल, कुणी रद्द केली तर कळवाल का?" असं विचारलं की ते माणूस वहीत काहीतरी लिहून घेतं. मला अशा चिठ्ठ्यांवरून दोनदा खोली मिळाली आहे.

आयोजकांनी राखलेल्या खोल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे गैरसमज फार आहेत. मोठ्या अधिवेशनाचे आयोजक कित्येक वर्षं आधी शहरातल्या हॉटेलांशी करार करतात. ठरलेल्या दिवसांसाठी ठरलेल्या खोल्या, ठरलेल्या दराने. बोलीभाषेत याला ब्लॉक म्हणतात. बदल्यात हॉटेल त्यांना सभागृहं सवलतीत देतं, वक्त्यांसाठी काही खोल्या फुकट देतं. पण कबूल केलेल्या खोल्यांपैकी ठरावीक भाग भरला नाही, तर आयोजकांना दंड भरावा लागतो. म्हणून प्रतिनिधींनी ब्लॉकमध्येच राहावं, अशी त्यांची कळकळीची विनंती असते. पूर्वी मला ती विनंती हॉटेलांच्या बाजूची वाटायची. एका छोट्या संघटनेच्या कार्यकारिणीवर काम केल्यावर कळलं, की प्रतिनिधी बाहेर राहिले आणि दंड बसला, तर तो पुढच्या वर्षीच्या विद्यार्थी-सवलतीतूनच जातो. तेव्हापासून ब्लॉकमधला दर मला परवडणारा असेल तर मी तिथेच राहते. मात्र ब्लॉकचा दर नेहमी सगळ्यांत कमी असतो, हेही खरं नाही. कधीकधी त्यात आयोजकांचा किंवा मधल्या कंपनीचा वाटा धरलेला असतो. दोन्हीकडचे दर, रद्द करण्याच्या अटी आणि वरचे सगळे आकार मांडून बघावेत. अमेरिकेत 12 मे 2025 पासून तर मुक्कामाच्या जाहिरातीत सक्तीचे आकार धरूनच एकूण रक्कम दाखवणं बंधनकारक झालं आहे. नाहीतर वर "रिसॉर्ट शुल्क" वगैरे नावांनी रोजची रक्कम चढायची आणि स्वस्त वाटलेली खोली शेवटी महाग पडायची.

ब्लॉकला एक शेवटची तारीख असते, बहुधा अधिवेशनाच्या तीन-चार आठवडे आधीची. त्या दिवशी न विकलेल्या खोल्या हॉटेलकडे परत जातात. शिवाय मोठ्या कंपन्या वर्षभर आधी ढिगाने खोल्या अडवून ठेवतात आणि दंड लागू होण्याच्या अगदी आदल्या दिवशी नको असलेल्या सोडून देतात. माझ्या पहिल्या वेळी मी पाच आठवडे आधी शोधलं होतं. आता कळतं, की ती सगळ्यांत वाईट वेळ होती. सगळं अडवलेलं होतं आणि सुटलेलं काहीच नव्हतं. त्याआधी सहा महिने किंवा त्यानंतर दहा दिवसांनी शोधलं असतं, तर कदाचित ते सव्वाआठ वाजले असताना मी फलकापाशी असते. अशा विचाराला अर्थ नसतो हे मला समजतं, तरी तो येतो.

म्हणून मी आता अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी, निबंध स्वीकारला जाण्याचीही वाट न बघता, विनाशुल्क रद्द करता येईल अशी एक खोली घेऊन ठेवते. ती लांबची असली तरी चालते, फक्त हाताशी असली पाहिजे. मग ब्लॉकच्या तारखेला आणि त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा बघते, जवळची मिळाली की पहिली त्याच तासाला सोडते. एके वर्षी मी ती सोडली नव्हती. शहराच्या दोन टोकांना, अशा दोन खोल्या मी अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यापर्यंत धरून बसले होते, निव्वळ धास्तीपोटी. त्या दिवसांत माझ्यासारखी कुणी मुलगी पडद्यावर "खोली नाही" हे शब्द वाचत बसली असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. ते मला अजून टोचतं. रद्द करता येतं म्हणून तीन-तीन खोल्या अडवणारे आपल्यातच आहेत आणि टंचाईतला एक वाटा त्यांचा आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

माणसं दाटीवाटीने एका गावात जमणार आणि झोपायला जागा पुरणार नाही, ही गोष्ट हॉटेलांच्याही आधीची आहे. 1414 ते 1418 या काळात आजच्या जर्मनीतल्या कॉन्स्टन्स या सरोवराकाठच्या गावात चर्चची महासभा भरली होती. जेमतेम काही हजार वस्तीचं गाव, आणि युरोपभरातून धर्मगुरू, सरदार, लेखनिक, व्यापारी, त्यांचे नोकर आणि घोडे येऊन थडकले. उल्रिख रिखेंटाल नावाच्या तिथल्याच एका रहिवाशाने त्या वर्षांची बखर लिहून ठेवली आहे. पोपच्या पदावरून चाललेल्या वादाइतक्याच आस्थेने त्याने उतरायच्या जागा आणि खाटांचे दर यांचीही दखल घेतली आहे. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. इतिहास घडत असताना माणसं झोपली कुठे, याची नोंद ठेवावीशी वाटणारे थोडे असतात.

1851 मध्ये लंडनच्या हाइड पार्कात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. साडेपाच महिन्यांत 60 लाखांहून अधिक वेळा लोक आत येऊन गेले. सहली काढणाऱ्या थॉमस कुक यांनी गावोगावच्या कामगारांना रेल्वेने आणलं, आणि नुसत्या तिकिटाने भागणार नाही हे ओळखून त्यांच्या मुक्कामाचीही सोय बघितली. पिम्लिको भागात कामगारांसाठी एका रात्री सुमारे हजार माणसं झोपतील अशी राहण्याची जागा उघडली गेली. ज्यांच्या हातांनी ती यंत्रं घडवली त्यांनाच ती बघायला मिळावीत, तर आधी त्यांना पथारी पसरायला जागा हवी, हे कुणाला तरी सुचलं याचं मला मोल वाटतं.

सगळ्यांत जास्त आठवण येते ती जर्मनीतल्या हॅनोव्हरची. महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती, शहराचा मध्यभाग बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेला. 1947 च्या ऑगस्टमध्ये तिथे निर्यात मेळा भरला आणि तीन आठवड्यांत 7 लाखांहून अधिक लोक येऊन गेले. जिथे राहत्या लोकांनाच घरं पुरत नव्हती, तिथे पाहुण्यांना हॉटेलं कुठून असणार? घराघरातून बायकांनी आपल्या खोल्या रिकाम्या करून दिल्या. मेळा दरवर्षी भरत राहिला आणि तेच तेच पाहुणे त्याच घरी उतरू लागले. त्या घरमालकिणींना लोक "मेसेमुटी" म्हणू लागले, म्हणजे मेळ्यातली आई. पुढे पुष्कळ हॉटेलं झाली तरी कित्येक दशकं ही नाती टिकली.

2007 च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डिझाइन क्षेत्राची परिषद होती आणि हॉटेलं भरली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडं भागवायची चिंता होती. त्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीत हवा भरायच्या गाद्या टाकल्या आणि परिषदेला आलेल्या तिघांना ठेवून घेतलं. लोकांच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीची सुरुवात ती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये डेन्व्हरला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं, खोल्यांची तीच ओढाताण, आणि तिथेच त्यांच्या कल्पनेकडे देशाचं लक्ष गेलं. आज तो केवढा मोठा व्यवसाय आहे हे सगळे जाणतात. मुळाशी मात्र एका परिषदेला आलेल्या तीन माणसांना पाठ टेकायला जागा नव्हती, एवढंच होतं.

घरगुती खोल्यांचा माझा अनुभव संमिश्र आहे. एका वर्षी आठ महिने आधी सभागृहाजवळचं एक छोटं घर मी आणि दोन मैत्रिणींनी मिळून घेतलं. बिचाऱ्या घरमालकाला बहुधा अधिवेशनाच्या तारखा ठाऊक नव्हत्या. त्या कळल्यावर, आम्ही निघायच्या तीन आठवडे आधी, नळ फुटल्याचं कारण सांगून त्याने आमचं आरक्षण रद्द केलं. पैसे परत आले. दोन दिवसांनी तेच घर, तेच पडदे, त्याच तारखा, दुसऱ्या एका ठिकाणी तिप्पट भाड्याने दिसले. मैत्रीण फोनवर रडली. तिचं ते पहिलं व्याख्यान होतं आणि तिने त्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या सभागृहाचं चित्र भिंतीवर लावून ठेवलं होतं. तेव्हापासून घर घ्यायचंच असेल तर मी आधी घरमालकाला लिहिते, "आम्ही अमुक अधिवेशनासाठी येत आहोत, त्या आठवड्यात शहरात गर्दी असते, तुम्हाला हे भाडं मान्य आहे ना?" काही जण भाडं वाढवतात. निदान ते आधी कळतं. जे "हो, मान्य आहे" असं लिहितात, त्यांनी आजवर शब्द मोडलेला नाही.

हॉटेलही कधीकधी शब्द मोडतं. काही लोक आयत्या वेळी येत नाहीत, म्हणून हॉटेलं असतात त्यापेक्षा थोड्या जास्त खोल्या विकतात. एका रात्री गाडी उशिरा पोहोचली आणि पावणेबाराला मी काउंटरवर उभी राहिले, तर खोलीच नव्हती. काउंटरवरचा मुलगा वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा असेल. त्याने माझ्याकडे न बघता दोनदा पडद्याकडे बघितलं, मग उठून बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहून सांगितलं, "चूक आमची आहे." त्याने दुसरीकडे फोन लावला, गाडी बोलावली, त्या रात्रीचं भाडं त्यांच्याकडून दिलं. लांब जावं लागलं. पण तो टेबलामागून बाहेर आला हे मी विसरलेले नाही. आता उशीर होणार असेल तर मी दुपारीच फोन करून सांगते, की मी येते आहे, मध्यरात्र झाली तरी येते आहे. जो शेवटी येतो त्याची खोली जाते, आणि शेवटी येणारा बहुतेक वेळा स्वस्त गाडीने येणारा असतो.

लांब राहावंच लागलं, तर नकाशावर सभागृहाभोवती वर्तुळ काढू नये. रेल्वेची रेघ बघावी. चार किलोमीटरवरचं, जिथे दोनदा बस बदलावी लागते, ते हॉटेल पंचवीस किलोमीटरवरच्या थेट गाडीपेक्षा लांब असतं. आणि आधी शेवटच्या गाडीची वेळ बघावी, मग भाडं. हे मी आता माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, थोडं जास्तच जोर देऊन. सुट्टीच्या दिवसांत विद्यापीठांची वसतिगृहं मोकळी असतात आणि काही विद्यापीठं त्या खोल्या पाहुण्यांना देतात. धार्मिक संस्थांची अतिथिगृहं असतात, तिथे रात्री दार लवकर बंद होतं, तेवढं विचारून घ्यावं. कचेऱ्यांच्या भागातली हॉटेलं शनिवार-रविवारी ओस पडतात. आणि "आम्ही अधिवेशनाचे अधिकृत निवास प्रतिनिधी" म्हणून आपणहून कुणाचा फोन आला, तर कार्डाचा क्रमांक देण्याआधी आयोजकांना विचारावं. असे भामटे प्रत्येक मोठ्या अधिवेशनाच्या मागे लागलेले असतात.

पण हे सगळं शिकायला मला दहा वर्षं लागली, आणि ज्याला गरज आहे तो पहिल्याच वर्षाला असतो. म्हणून मला आयोजकांकडून काही मागावंसं वाटतं, आणि कार्यकारिणीवर असताना मी ते मागितलंही आहे. ब्लॉकमध्ये चकचकीत हॉटेलांबरोबर वसतिगृहाच्या खाटाही धराव्यात. विद्यार्थ्यांचे निबंध स्वीकारल्याचं पत्र खोल्या संपायच्या आत पाठवावं. पोस्टर संध्याकाळी ठेवलीत, तर रात्री दहाला उपनगराच्या स्टेशनपर्यंत एक बस सोडावी. बसच्या मुद्द्यावर एका बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, "किती जणांसाठी?" मी म्हटलं, "किती जण लवकर निघून जातात ते आपण कधी मोजलंय का?" मोजलं नव्हतं. त्या वर्षी मोजलं, आणि पुढच्या वर्षी बस सुटली.

आणखी एक गोष्ट झाली, आयोजकांनी खोली वाटून घेणाऱ्यांसाठी एक यादी सुरू केली. आता माझं बरं चाललं आहे, मला सभागृहाजवळची खोली परवडते. गेल्या खेपेला मी दोन खाटांची खोली घेतली आणि यादीत नाव घातलं. रात्री दहाला एक मुलगी दारात उभी राहिली, पाठीवर सॅक, हातात पोस्टरची लांब नळी. खोलीत आल्यावर ती नळी कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघत राहिली. मी माझं सामान खिडकीजवळून हलवलं. "मॅडम, मी घोरते," ती अगदी घाबरून म्हणाली. मी म्हटलं, मीही घोरते.

दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "जागे आहात?" उद्या काय बोलायचं त्याचा सराव तिला करायचा होता. अंधारात तिने मला सगळं पोस्टर ऐकवलं, आकृत्यांसकट. तिसऱ्या आकृतीपाशी मी तिला अडवलं, तिच्या नियंत्रण नमुन्याबद्दल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्याबद्दल, मला शंका होती. ती उठून बसली. मग मीही उठून बसले. दोन खाटांच्या मधल्या अरुंद जागेत नळी उघडून, मोबाइलच्या उजेडात आम्ही ते पोस्टर अर्धं उलगडलं. झोपायला दीड वाजला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला शोधत सभागृहात गेले, कारण आपली किल्ली ती सकाळी टेबलावरच विसरली होती. आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. एका बाजूचे दिवे मालवले होते, कामगार फलकांवरची कापडं गुंडाळत होते. तिच्या फलकापुढे पांढऱ्या केसांच्या एक बाई वाकून तिसरी आकृती बघत होत्या, आणि ती त्यांना काहीतरी समजावून सांगत होती, दोन्ही हातांनी. मी दाराशीच थांबले. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या, आणि खोली चालत सात मिनिटांवर होती.